पडदा हा टाळकरी



या वेळी मी अभंगाचे निरूपण घेऊन आलेलो नाही. विषय थोडा वेगळा आहे, पण परका नाही. महाविद्यालयातले प्राध्यापक हल्ली पडद्यावर स्लाईड दाखवून शिकवतात. त्यांच्या भाषेत त्याला पीपीटी म्हणतात. त्या शिकवण्यात मुलांचे मन कसे लागेल, याविषयी मला बोलायचे आहे. कीर्तनकाराला यातले काय कळते, असे तुम्ही विचाराल. मीही तेच विचारले होते. पण तुमच्या घरातला मुलगा, सून किंवा जावई शिकवत असेल, नातू-नात शिकत असेल, तर हा विषय तुमच्या ओसरीवर आधीच येऊन बसला आहे.

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत मी चाळीसहून अधिक वर्षे कीर्तन केले. सप्ताह, काकडा, गोपालकाला, जिथे बोलावणे आले तिथे गेलो. आता गळा साथ देत नाही, म्हणून नारदाच्या गादीवरून उतरलो. माझा पुतण्या इकडच्याच एका महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. गेल्या हिवाळ्यात तो घरी आला आणि म्हणाला, "काका, तुमच्यापुढे दिवसभर धान कापून दमलेली माणसं रात्री दोन-दोन तास बसायची. माझ्यापुढे वीस वर्षांची पोरं पाऊण तासात पेंगतात. माझ्याकडे तर पडदा आहे, रंगीत चित्रं आहेत. तुमच्याकडे काय होतं?"

त्याला उत्तर देण्याआधी मी म्हणालो, मला तुझ्या वर्गात बसू दे. प्राचार्यांची परवानगी घेऊन मी चार दिवस शेवटच्या बाकावर बसलो. माझ्या पुतण्याचा तास पाहिला, आणखी तीन प्राध्यापकांचे तास पाहिले. चौघेही मनापासून शिकवणारे, रात्री जागून स्लाईड तयार करणारे. पण चौघांच्या वर्गांत घडत होते ते एकच. पडद्यावर दहा-अकरा ओळी इंग्रजीत. सर पडद्याकडे तोंड करून त्याच ओळी वाचत आहेत. मुले मान खाली घालून उतरवून घेत आहेत. उतरवून होण्याआधी स्लाईड बदलते, मग कोणीतरी म्हणते, "सर, मागे घ्या." एका तासात मी मोजले. विद्यार्थ्यांच्या तोंडून निघालेले वाक्य तेवढेच होते, "सर, मागे घ्या."

हे इथेच घडते असे नाही, सगळीकडे घडते. पण आपल्या भागात त्याची किंमत जास्त मोजावी लागते. २०११ साली गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले आणि या दोन जिल्ह्यांची महाविद्यालये नागपूर विद्यापीठापासून वेगळी होऊन त्याच्याकडे आली. जंगलातल्या पोरांना पदवी जवळ आली. आज एका बाकावर भामरागडकडचा माडिया बोलणारा मुलगा बसतो, सिरोंच्याकडची तेलुगू बोलणारी मुलगी बसते, मुलचेऱ्याकडचा बंगाली बोलणारा बसतो, कोरचीकडचा छत्तीसगडी बोलणारा बसतो आणि आमच्या सिंदेवाही-ब्रह्मपुरीकडचा झाडीबोली बोलणारा बसतो. त्यांतल्या पुष्कळांच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेले हे पहिलेच माणूस. घरात बोलतात एक भाषा, शाळेत शिकले मराठी, आणि पडद्यावर आली इंग्रजी. असे पोर वर्गात तोंड उघडत नाही. सरांना वाटते याला काही येत नाही. त्यालाही तसेच वाटू लागते. मग एके दिवशी ते येणे बंद करते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. माउली, पेंगणे ही लहान गोष्ट आहे. खरी गोष्ट ही आहे.

आता पुतण्याच्या प्रश्नाकडे वळतो. आमच्याकडे काय होते? आमच्याकडे टाळकरी होते.

कीर्तनाची रचना तुम्हाला सांगायला नको, पण या नजरेने ती एकदा पाहा. कीर्तनकार पुढे उभा, तोंड श्रोत्यांकडे. वीणेकरी, टाळकरी, मृदंगाचार्य मागे आणि बाजूला. कीर्तनकार टाळकऱ्यांकडे तोंड आणि श्रोत्यांकडे पाठ करून निरूपण करतो, असे तुम्ही कधी पाहिले आहे काय? टाळकरी कीर्तनकाराच्या आधी बोलत नाहीत. ते सगळे सांगूनही टाकत नाहीत. कीर्तनकाराने प्रमाणाचे पहिले दोन शब्द उच्चारले की ते पुढचे उचलतात. मग श्रोते उचलतात. बुवांनी अर्धे सोडलेले वाक्य मंडपाने पूर्ण करायचे, ही आपली रीत आहे. तिथे ऐकणारा नुसता ऐकणारा राहत नाही. त्याचा त्यात वाटा असतो.

प्राध्यापकाचा पडदा म्हणजे त्याचा टाळकरी आहे. त्याने मागे राहून साथ करावी. आज झाले असे आहे की टाळकरीच कीर्तन करतो आहे आणि बुवा त्याच्याकडे पाहून टाळ वाजवत आहेत.

चित्र दाखवून सांगण्याची विद्या आपल्याला नवी नाही. आपल्या राज्याच्या दुसऱ्या टोकाला, सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळी गाव आहे. तिथले ठाकर समाजाचे चित्रकथी एकेक चित्र पुढे धरून रामायण-महाभारतातली आख्याने गाऊन सांगतात. ही कला जपणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. चित्रकथ्याची पोथी म्हणजे जुन्या काळची पीपीटीच. पण तिच्यात फक्त चित्र असते, कथा सांगणाऱ्याच्या गळ्यात असते. कल्याणच्या पटवर्धन मंडळींनी १८९२ च्या सुमारास शांबरिक खरोलिका नावाचा खेळ सुरू केला. काचेवर हाताने रंगवलेली चित्रे दिव्याच्या उजेडाने पडद्यावर पाडायची आणि सोबत निवेदन व गाणी. तिथेही पडद्यावर चित्र आणि माणसाच्या तोंडी शब्द. पॉवरपॉइंट आले १९८७ साली. तेव्हापासून शब्दच पडद्यावर जाऊन बसले आणि माणसाच्या तोंडी काही उरले नाही.

माझे हे म्हणणे पुतण्याने हसण्यावारी नेले नाही. त्याने शोधून मला वाचून दाखवले की रिचर्ड मेयर नावाच्या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञाने यावर बरेच प्रयोग केले आहेत. चित्र आणि तोंडी निवेदन असे मिळून शिकवले तर चांगले समजते. त्याच निवेदनाचे शब्द पडद्यावरही लिहून दाखवले तर समजणे कमी होते. डोळा वाचतो एका गतीने, कान ऐकतो दुसऱ्या गतीने, दोघांचे भांडण लागते. मी म्हटले, आमच्या टाळकऱ्यांना हे न सांगता कळते. बुवा बोलू लागले की टाळ थांबतो.

त्यानंतर दोन रविवार त्या महाविद्यालयातले आठ-दहा प्राध्यापक माझ्या ओसरीवर येऊन बसले. त्यांना जे सांगितले तेच तुम्हाला सांगतो. तुमच्या घरातल्या शिकवणाऱ्याला वाचून दाखवा.

पहिली गोष्ट, ध्रुपद ठरवा. अभंगाचे चरण कितीही असोत, निरूपण फिरून फिरून ध्रुपदावर येते. घरी जाताना श्रोत्याच्या ओठांवर तेच असते. तासाचे ध्रुपद कोणते, ते आधी एका ओळीत लिहा. ती ओळ प्रश्नाची असेल तर अधिक चांगले. ती पडद्यावर मोठ्या अक्षरांत ठेवा, मधूनमधून परत दाखवा. बाकीच्या अकरा ओळी कागदावर छापून द्या, नाहीतर मोबाईलवर पाठवा. मुलांची उतरवून घेण्यातून सुटका झाली की त्यांची मान वर येईल. आपल्याकडे रोवणी कशी करतात? एका ठिकाणी पऱ्ह्याच्या दोन-तीन काड्या लावतात. अख्खी पेंढी एकाच जागी खोचली तर धान होत नाही. स्लाईडचेही तसेच आहे.

दुसरी गोष्ट, पडदा बंद करायला शिका. मला हे तिथल्याच एका तरुण प्राध्यापिकेने दाखवले. स्लाईड चालू असताना इंग्रजी बी हे अक्षर दाबले की पडदा काळा होतो, पुन्हा दाबले की परत येतो. मला फार आनंद झाला. मृदंग सारखा वाजत राहिला तर त्याची थाप कोणाला ऐकू येत नाही. चित्र दाखवा, मग पडदा काळा करा आणि मुलांच्या डोळ्यांत बघून बोला.

तिसरी गोष्ट, दृष्टान्त इथला द्या. अन्नसाखळीच्या स्लाईडवर मी आफ्रिकेतला सिंह आणि झेब्रा पाहिला. ज्या चंद्रपूर जिल्ह्यात ताडोबा आहे, जिथल्या पोरांनी बैलावर वाघाची झडप पाहिली आहे, तिथे झेब्रा! उष्णतेपासून वीज कशी होते, ते विलायतेच्या कारखान्याचे चित्र दाखवून शिकवले जात होते. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे आणि त्याची धुराडी कोसभरावरून दिसतात. त्यांचा फोटो मोबाईलवर काढायला किती वेळ लागतो? ज्ञानदेवांनी गीतेचा अर्थ मराठीत सांगितला तेव्हा दृष्टान्त घेतले ते ऐकणाऱ्याच्या अंगणातले, शेतातले, स्वयंपाकघरातले. गहन विषय माणसाच्या दारात नेण्याची ती वाट आहे.

चौथी गोष्ट सगळ्यांत मोठी, प्रमाण अर्धे सोडा. दहा-बारा मिनिटे निरूपण झाले की आपण गजर घेतो. प्राध्यापकाने दहा-बारा मिनिटांनी थांबून एक प्रश्न विचारावा. उत्तर लगेच मागू नये. प्रत्येकाने आधी आपापल्या मनात ठरवावे, मग शेजाऱ्याशी दोन मिनिटे बोलावे, आणि बोलावे ते आपल्या भाषेत. गोंडीत, माडियात, तेलुगूत, ज्याला जी येते तीत. मग वर्गापुढे सांगावे. हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९१ पासून अशीच रीत लावली. आपले विद्यार्थी सूत्र वापरून गणिते सोडवतात, पण साध्या प्रश्नात अडखळतात, हे त्यांच्या लक्षात आले होते. म्हणून थोडे सांगायचे, प्रश्न ठेवायचा, प्रत्येकाचे उत्तर घ्यायचे, शेजाऱ्याशी चर्चा करू द्यायची आणि पुन्हा उत्तर घ्यायचे. नुकतेच समजलेले पोर शेजाऱ्याला जे सांगू शकते, ते पुष्कळदा सरांना साधत नाही, कारण सर अडखळणे विसरलेले असतात.

हार्वर्डपर्यंत जायचे नसेल तर धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावी जा. तिथली ग्रामसभा बहुमताने निर्णय घेत नाही, सर्वांचे एकमत होईपर्यंत बोलते. त्यासोबत अभ्यासगट बसतो. माणसे एकत्र बसून कायदा समजून घेतात, प्रश्न विचारतात, पुन्हा बसतात. २००९ साली या गावाला आपल्या जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, देशात तो सर्वांत आधी मिळवणाऱ्या गावांत ते आहे. हे शिक्षण कुठल्याही पडद्यावर झाले नाही, बोलण्यातून झाले.

यावर एका प्राध्यापकांनी जी अडचण मांडली, ती खरी आहे. ते म्हणाले, "महाराज, तुम्ही दोन तासांत एक अभंग घेता. आम्हाला एका सत्रात अख्खा अभ्यासक्रम संपवायचा असतो. पोरांना बोलत बसवलं तर परीक्षेला काय लिहितील?" मी म्हटले, अभ्यासक्रम तुम्ही संपवता हे खरे, पण तो मुलांपर्यंत पोचतो का, ते एकदा पाहा. सगळे तास असे घेऊ नका. आठवड्यातला एक घ्या. आपणही रोज काल्याचे कीर्तन करत नाही.

दुसरी शंका एका बाईंची होती. त्यांनी स्लाईडवर उडती अक्षरे, आवाज, विनोदी चित्रे टाकली होती. पोरे हसली, पण दुसऱ्या दिवशी विषय आठवेना. माउली, हा रोग आपल्या गादीलाही लागला आहे, तुम्ही जाणता. श्रोत्यांना तीन तास हसवत ठेवणारे कीर्तन संपते आणि मंडपाबाहेर विचारावे की अभंग कोणता होता, तर सांगता येत नाही. मन रमणे आणि मन लागणे यांत फरक आहे. रमलेला माणूस तुमच्याकडे पाहत राहतो. लागलेला माणूस स्वतः म्हणू लागतो. प्राध्यापकांनी पोरांचे हसणे मोजू नये, त्यांच्या तोंडून विषयातली किती वाक्ये निघाली ते मोजावे.

पुढे काय झाले ते सांगतो. माघात पुतण्याने अन्नसाखळीचा तास पुन्हा घेतला. झेब्रा काढून टाकला. पडद्यावर मोहाच्या झाडाचा एक फोटो आणि खाली मराठीत एक ओळ: या झाडाखाली पहाटे कोण कोण येतं? पडदा काळा केला आणि म्हणाला, शेजाऱ्याशी बोला. मी शेवटच्या बाकावर होतो. आधी शांतता. मग कुजबुज. मग वर्ग असा गजबजला की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. माणूस, अस्वल, चितळ, वानर. रात्री फुलांवर येणारी वटवाघळे. चितळामागे वाघ. पाहता पाहता फळा भरला, आणि त्यातून जे जाळे निघाले ते पुस्तकातल्या साखळीहून मोठे होते.

भामरागडकडची एक मुलगी होती. दीड वर्षात वर्गात एकदाही बोलली नव्हती. तिच्या शेजारणीने तिला कोपराने ढोसले. ती उठली, मोहाचे माडियातले नाव तिने आधी सांगितले आणि मग म्हणाली, "सर, फुलं वेचायला सोपं जावं म्हणून लोक झाडाखालचा पाला जाळतात. ती आग कधी कधी जंगलात जाते. आमची आजी जाळत नाही. झाडते." एवढे बोलून ती खाली बसली. जंगलातल्या वणव्याचा धडा पुतण्याच्या यादीत दोन महिन्यांनी येणार होता. तो त्या दिवशी तिच्या तोंडून आला. पुतण्याने खडू तिच्या हातात दिला आणि आग कुठून कुठे जाते, कोणाचे अन्न जाते, ते तिला फळ्यावर दाखवायला सांगितले. तिने दाखवले.

त्या मुलीला काही येत नाही, असे त्याआधी कागदोपत्री ठरत आले होते. तिला येत होते. तिला कोणी विचारले नव्हते, आणि तिला बोलता येईल अशी जागा त्या पडद्याने ठेवली नव्हती.

सत्राच्या शेवटी त्या महाविद्यालयात त्यांनी आणखी एक गोष्ट केली. तिला ते गोपालकाला म्हणतात. पाच-पाच मुलांच्या गटाने एकच स्लाईड करून आणायची, आपल्या गावातल्या चित्राची, आणि तीवरून दहा मिनिटे सांगायचे. प्रत्येकाने आपली शिदोरी आणायची आणि सगळ्यांची एकत्र कालवायची. कोणी मालगुजारी तलाव आणला, कोणी तेंदूपत्त्याचा फड आणला, कोणी झाडीपट्टीच्या नाटकाचा तंबू. सरांनी मागे बसून टाळ धरला.

आता आपल्या घरचे. सप्ताहाच्या मंडपात हल्ली मोठे पडदे लागतात. मागच्या माणसाला बुवा दिसतात, त्याला माझी हरकत नाही. पण काही ठिकाणी अभंगाचे शब्दही पडद्यावर येऊ लागले आहेत. ज्या म्हाताऱ्याला शेकडो अभंग पाठ आहेत तो आता पडद्याकडे पाहत गप्प बसतो, आणि पोराला पाठ करायची गरज उरत नाही. महाविद्यालयातले पेंगणे आपल्या मंडपात यायला फार दिवस लागणार नाहीत.

म्हणून, माउली, दोन कामे करा. घरात शिकवणारा कोणी असेल तर त्याला आज जेवताना विचारा, तुझ्या तासात काल पोरे काय बोलली? आणि पुढच्या सप्ताहात बुवांनी प्रमाण अर्धे सोडले की पडद्याकडे पाहू नका. मोठ्याने म्हणा, आणि शेजारी बसलेल्या पोराला कोपराने ढोसून म्हणायला लावा.

रामकृष्णहरी.